ठोक्यानंतरचा शब्द

बोलण्याआधी टेबलावर पेन दोनदा वाजवायची डॉ. हेमांगी वडके यांना सवय होती. टक् टक्, आणि मग वाक्य. चहा मागवायचा असो, कुणाचा प्रबंध फाडून काढायचा असो, नाहीतर परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं असो, आधी पेन वाजायचंच. बाणेरच्या टेकडीखालच्या त्या कर्णविज्ञान संस्थेत या सवयीची यथेच्छ टिंगल करून झाली होती. नवीन माणूस रुजू झाला की त्याला पहिल्याच दिवशी सांगण्यात येई, की मॅडमचं पेन वाजलं की आपण गप्प बसायचं. हेमांगीला स्वतःला मात्र हे मुळीच मान्य नव्हतं. "मी? मी कधी वाजवते?" असं ती विचारी, आणि विचारण्याआधी वाजवी.

२०३९च्या ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी मात्र पेन सकाळपासून मुकं होतं. समोरच्या पडद्यावर अकरा जणांचे निकाल होते आणि अकराच्या अकरा जण नापास झाले होते.

"पुन्हा एकदा मोजू या का?" इम्तियाज मुजावरनं विचारलं. तो संस्थेतला श्रवणतज्ज्ञ. गेली पाच वर्षं हेमांगीबरोबर काम करत होता आणि तिच्या रागाला न घाबरणारा संस्थेतला एकुलता एक माणूस होता.

"तीनदा मोजलंय. चौथ्यांदा मोजून काय त्यांना दया येणार आहे?"

प्रकरण असं होतं. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वाटोळी नळी असते आणि तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा असतात. आवाज आला की हे केस डोलतात. पण केस डोलले म्हणजे माणसाला ऐकू आलं असं नाही. ती बातमी मेंदूपर्यंत न्यायला मज्जातंतू लागतात, आणि पेशी आणि तंतू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म सांधा असतो. एका पेशीला असे दहा-वीस सांधे. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की पेशी शाबूत राहतात, सांधे मात्र एकेक करून तुटत जातात. अशा माणसाला यंत्रासमोर बसवलं तर बारीकशी शिट्टीही ऐकू येते. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत. आणि तो बिचारा म्हणतो, "आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत." घरच्यांना वाटतं, सोंग करतोय.

हेमांगीनं आयुष्याची बावीस वर्षं या सांध्याला वाहिली होती, त्यातली नऊ जर्मनीत. अखेर तिच्या हाती एक प्रथिन लागलं होतं. सुईनं कानाच्या पडद्याआड ते सोडलं की मागे हटलेले तंतू पुन्हा पेशीकडे वाढत येत आणि नवे सांधे धरत. दोन वर्षांपूर्वी सूतगिरणीतल्या चौदा कामगारांवर त्याचा पहिला प्रयोग झाला आणि बारा जणांना शब्द कळू लागले. त्यातल्या एका बाईंनी पहिला महिना शेजारणीची भांडणं ऐकण्यात घालवला होता, आणि तपासणीत तसं अभिमानानं सांगितलंही होतं.

दुसऱ्या प्रयोगासाठी हेमांगीनं आपलं माहेर निवडलं, पुण्यातली तांबट आळी. तांब्याची घागर, हंडा, बंब, सगळं तिथं हातोड्यानं ठोकून घडतं. भांड्यावर चकचकीत खळ्यांची नक्षी उमटवत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. जन्मभर मठारलेल्या माणसांचे कान कसे असणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आळीतल्या अकरा जणांनी नावं दिली. तांब्याचा सांधा जोडायला वितळवून डाख लावतात, म्हणून आळीनं औषधाचं नाव डाखच ठेवून टाकलं. "डाख लावून घेतला का कानाला?" असं लोक एकमेकांना विचारू लागले.

त्या अकरांतला सात क्रमांक म्हणजे मोरेश्वर वडके, वय अठ्ठावन्न, हेमांगीचा सख्खा मोठा भाऊ. नातं असल्यामुळे त्याची एकही तपासणी तिनं करायची नाही, असं देखरेख समितीनं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. ती फक्त काचेबाहेरून बघायची.

आणि आता हे निकाल. तंतूंमधले विजेचे तरंग उंचच्या उंच उठत होते, म्हणजे सांधे जुळले होते. पण निःशब्द खोलीत बसवून पन्नास शब्द ऐकवले, तर सात क्रमांकाला अकराच ओळखता आले. इंजेक्शनाआधी दहा येत होते. कान दुरुस्त झाला होता आणि माणूस होता तिथंच होता.

"शुक्रवारी समिती बसणार," इम्तियाज म्हणाला. "त्यांनी प्रयोग थांबवला तर दुसरी मात्रा नाही."

हे त्यानं सांगायची गरज नव्हती. दुसरी मात्रा सहा आठवड्यांच्या आत गेली नाही तर कोवळे सांधे सुकून जातात, आणि एकदा सुकलेला तंतू पुन्हा फिरकत नाही. पाच आठवडे संपले होते. दादाच्या कानात जे काही उगवलं होतं, ते पुढच्या बुधवारपर्यंतचं पाहुणं होतं.

संध्याकाळी ती आळीत गेली. दोन ठोके, मग भांडं फिरवायचं, पुन्हा दोन ठोके. सगळी आळी याच चालीवर चालायची. तपासणीच्या आधी दोन दिवस कानांना विश्रांती म्हणून दादाला हातोडा धरायची बंदी होती, त्यामुळे तो दारात नुसता बसून शेजारच्याच्या घागरीत चुका काढत होता.

"काय गं, तोंड एवढंसं का झालंय?" तो म्हणाला.

शेजारी ठोके चालूच होते. हेमांगी त्यातून वाट काढत बोलली, "निकाल वाईट आहे दादा. तुला खोलीत शब्द कळले नाहीत."

"नाहीच कळले. तो मुजावर पुटपुटतो."

"आत्ता माझं कळतंय ना?"

"इथं काय, इथं सगळे माणसासारखे बोलतात."

ओठ वाचतोय, असं तिनं मनात म्हटलं आणि सोडून दिलं. कानांवर पीएच.डी. केलेल्या बाईंनी ते वाक्य सोडून दिलं, हे पुढे तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

दोघांमध्ये एक जुना सल होता. सतरा वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती आणि हेमांगी जर्मनीत. रेल्वे स्टेशनवर उभं राहून तिनं दादाला फोन केला होता. तो दवाखान्याच्या शांत व्हरांड्यात होता. "दादा, आईचं कसं आहे? मी निघू का?" "हो हो, बरं बरं," दादा म्हणाला होता. आईला बरं आहे, असं समजून ती निश्चिंत झाली. तिसऱ्या दिवशी आई गेली. एवढ्या महत्त्वाच्या प्रश्नाला इतकं थातुरमातुर उत्तर देणाऱ्या भावाशी ती भांडली नाही, पण फोन मात्र कमी केले. पुण्यात परत आल्यावरही ती आळीत यायची ती पाहुण्यासारखी.

बुधवारी सकाळी दादाची शेवटची फेरतपासणी होती. त्याच्याबरोबर निर्मलावहिनी आल्या होत्या, जेवणाचा डबा आणि ताकाची बाटली घेऊन. संस्थेच्या उपाहारगृहातलं अन्न त्यांच्या मते आजाऱ्यांसाठी होतं.

निःशब्द खोलीत दादा डाव्या कानात बोळा घालून, भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला ओठ दिसू नयेत म्हणून ही व्यवस्था. बाहेरून इम्तियाजनं ध्वनिफीत लावली. गवत, फाटक, तराजू, पाऊल. दादा कधी चुकीचा शब्द सांगे, कधी नुसतं "हो हो, बरं बरं" म्हणे. पन्नासपैकी दहा. एक कमीच.

मध्यंतर झालं. इम्तियाजनं जाड दार उघडलं. वहिनी उंबऱ्याशी आल्या, त्यांनी चमच्यानं डब्यावर दोनदा टकटक केलं आणि दादाच्या पाठीमागून, अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "अहो, ताक घेणार का?"

दादानं मान वळवली नाही. भिंतीकडेच बघत तो म्हणाला, "घेतो. पण कालच्यासारखं आंबट नको."

काचेबाहेर हेमांगी उभीच राहिली. पाठीमागून. हळू आवाजात. ओठांचा संबंध नाही. आणि वाक्यच्या वाक्य कळलं!

इम्तियाज हळूच म्हणाला, "मॅडम, वहिनींनी आत्ता तुमच्यासारखंच केलं."

"काय केलं?"

"बोलण्याआधी वाजवलं."

हेमांगीनं आपल्या हाताकडे पाहिलं. पेन टेबलाला टेकलेलं होतं.

"वहिनी!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही डबा का वाजवलात?"

"मी? मी कुठं वाजवला?" वहिनी म्हणाल्या.

इम्तियाजला हसू आवरेना. हेमांगीला मात्र काय करावं ते सुचेना, इतकं तिला एकदम सुचत होतं. ती येरझारा घालायला लागली. आळी! दोन ठोके आणि भांडं फिरवायचं. भांडं फिरवायच्या त्या सेकंद-सव्वा सेकंदात आळीचं सगळं बोलणं चालतं. सोयरिकी, भांडणं, बारशी, सगळं त्या फटीत. म्हणून तर आळीतली वाक्यं इतकी तोकडी. म्हणून आळीतलं माणूस ठोके नसतील तिथंही आधी काहीतरी वाजवून मग बोलतं, ताट, दाराची कडी, डबा.

पेन!

"शब्द पुन्हा लाव," ती म्हणाली. "नाही, थांब. ध्वनिफीत नको, तू वाच. प्रत्येक शब्दाआधी दोन ठोके. मी आत येणार नाही, मी लिहून दिलंय."

इम्तियाजनं दारावर टकटक केलं. दादा आतून म्हणाला, "अहो, हे पोस्टमनसारखं काय वाजवताय?" काम वहिनींकडे आलं. त्यांच्या पिशवीत देवाला पाणी घालायचा तांब्या होताच. वहिनींनी चमच्यानं तांब्यावर आळीच्या चालीत दोन ठोके द्यायचे आणि लगेच इम्तियाजनं शब्द म्हणायचा, असं ठरलं. निःशब्द खोलीत कुणी भांडं वाजवल्याची संस्थेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

टक् टक्. "गवत." "गवत." टक् टक्. "तराजू." "तराजू." टक् टक्. "पाऊल." "पाऊल. अहो, जरा भरभर चालू द्या, जेवायचंय."

पन्नासपैकी सेहेचाळीस.

हेमांगीनं काचेवर दोन्ही हात टेकले आणि लहान मुलीसारखी उडी मारली. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "पण हे डाखामुळेच कशावरून? कदाचित आधीपासूनच असं असेल. ठोके दिले की कळत असेल."

"डावा कान," इम्तियाज म्हणाला. "इंजेक्शन फक्त उजव्या कानात दिलंय."

बोळा उजव्या कानात घातला आणि डाव्या कानाला तेच ठोके आणि तेवढेच नवे शब्द दिले. पन्नासपैकी तेवीस. उजव्याला सेहेचाळीस! आता इम्तियाजनं उडी मारली. वहिनींनी दोघांनाही ताक दिलं.

दुपारी दादाच्या डोक्यावर तारांची टोपी चढली आणि गुपित पडद्यावर उतरलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते दोन प्रकारांनी. काही पेशी पुढचीला म्हणतात, "बोल." काही म्हणतात, "गप्प." ही गप्प म्हणणारी मंडळी म्हणजे दारवान. चाळीस वर्षं ठोक्यांमागून ठोके खाऊन दादाच्या दारवानांनी एक शिस्त लावून घेतली होती. ठोका येणार, दार बंद. दुसरा ठोका झाला, दार उघडं, शब्द आत घ्या. सव्वा सेकंदानं पुन्हा बंद. इतकंच नाही, हे दारवान खाली कानापर्यंत निरोप धाडत आणि ठोका पडायच्या आत कानाची धार थोडी बोथट करत. म्हणून तर त्याच्या कानात दुरुस्त करण्याजोगं काही उरलं होतं. शांत खोलीत मात्र ठोकाच येत नव्हता. दारवान दाराला कडी घालून वाट बघत बसला होता आणि बाहेर बिचारे शब्द ताटकळत होते. सूतगिरणीत घरघर अखंड असते, तिला फट नसते, म्हणून तिथल्या माणसांच्या मेंदूत असं दार घडलंच नव्हतं.

"आणि आपण त्यांना दोन दिवस हातोड्यापासून लांब ठेवून शांत खोलीत बसवत होतो," इम्तियाज म्हणाला.

"मी," हेमांगी म्हणाली. "मी बसवत होते. प्रयोगाआधी आळीत केलेली सगळी ध्वनिमुद्रणं मी संगणकावर धुऊन घेतली होती, इम्तियाज. ठोके कचरा म्हणून काढून टाकले होते."

ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दवाखान्याचा शांत व्हरांडा तिला आठवला होता. तिथं काही वाजलं नव्हतं. स्टेशनवर तिच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्यात फोन. तिनंही काही वाजवलं नव्हतं.

गुरुवारी उरलेले दहा जण आले. आळीच अवतरली म्हणायची. ठोक्यांसकट तपासल्यावर दहांपैकी नऊ जण चाळीस शब्दांच्या वर गेले. दहावे आजोबा झोपी गेले.

आता पुढचा मार्ग हेमांगीला लख्ख दिसत होता. सांधे कोवळे असेपर्यंत मेंदूही मऊ असतो. मानेच्या नसेला हलका विद्युत्स्पर्श देत सहा आठवडे शांततेत ऐकायचा सराव केला, तर दारवानाची जुनी शिस्त मोडता येते. मग दार कायमचं उघडं. समितीला हवे तसे शांत खोलीतले आकडे दीड महिन्यात देण्याचा शब्द शुक्रवारी देता आला असता. तिनं दादाला हे आळीतच, त्याच्या ऐरणीशेजारी बसून सांगितलं, पेन वाजवत, वाक्यं तोकडी करत.

"तुला सगळीकडे ऐकू येईल दादा. फोनवर. लग्नात. कुजबुजसुद्धा."

"आणि हातोडा?"

"तो सोडावा लागेल. दार गेलं की ठोका थेट आत येणार. पंधरा दिवसांत नवे सांधे तुटतील."

दादानं अर्धी मठारलेली घागर ऐरणीवर चढवली. बंदी उठली होती. दोन ठोके दिले, फिरवली, दोन ठोके दिले. असं दहा-बारा वेळा करून थांबला.

"ऐकलंस?"

"काय?"

"आवाज बदलला. तांबं कडक झालं. आता आणखी ठोकलं तर तडकेल. तापवायला हवं."

"मला काहीच फरक कळला नाही."

"मला कळला. कारण तुझा तो दारवान सांगतो मला. त्याला हाकलला तर हे राहील का?"

खोटं बोलणं सोपं होतं. शुक्रवार दुसऱ्या दिवसावर आला होता. "नाही," हेमांगी म्हणाली. "बहुतेक नाही राहणार."

"मग राहू दे त्याला. चाळीस वर्षं इमानानं राखण केलीय त्यानं."

हेमांगीचा संयम सुटला. "दादा, अरे उद्या समितीला मी काय दाखवू? शांत खोलीत तुला दहा शब्द येतात! ते प्रयोग बंद करतील. दुसरी मात्रा मिळणार नाही. आत्ता आलंय तेही जाईल!"

ती भान विसरून सलग बोलली होती. दादानं तिच्याकडे शांतपणे बघत म्हटलं, "हो हो, बरं बरं."

फोनवरचं तेच उत्तर. मग तिनं घागरीवर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं आणि सावकाश म्हणाली, "लोक बोलण्याआधी वाजवणार आहेत का?"

"तू वाजवतेस की," दादा म्हणाला. "इतकी वर्षं परमुलखात राहिलीस, तरी वाजवतेस. तुला कधी जड गेलं?"

शुक्रवारी समितीच्या अध्यक्ष डॉ. सोनावणेबाई चष्मा नाकावर घेऊनच बसल्या होत्या. "शांत खोलीत पन्नासपैकी दहा. हा निकष तुमचाच आहे, डॉ. वडके."

टक् टक्. "निकष चुकला. माझाच चुकला." आणि मग तिनं सगळं सांगितलं. धुऊन टाकलेले ठोके, डबा, ताक, उजवा कान आणि डावा कान. "औषधानं काम केलंय. मी ज्या खोलीत त्यांना ऐकायला लावलं, त्या खोलीत त्यांच्यातलं कुणी कधी राहतच नव्हतं. आणि त्यांच्यातल्या आठ जणांनी दार मोडून घ्यायला नकार दिलाय."

"हे सगळं छान आहे हो," सोनावणेबाई म्हणाल्या, "पण जगात कुठली माणसं बोलण्याआधी टेबल वाजवतात?"

मग समितीतले सगळेच हळूहळू हेमांगीच्या हातातल्या पेनाकडे बघायला लागले. इम्तियाज खोकल्याचं निमित्त करून खाली वाकला. सोनावणेबाईंनी चष्मा काढला आणि त्या स्वतःही हसल्या.

"पाच वर्षं माझी भाषणं ऐकताय तुम्ही, बाई," हेमांगी म्हणाली. "आणि माणसांनी नाही वाजवलं तर यंत्र वाजवेल. कानामागे बसणारं, वाटाण्याएवढं. समोरचा बोलला की ते त्याचं वाक्य पळभर धरून ठेवेल, दोन ठोके देईल आणि मग आत सोडेल. फोनमध्ये तर आजच करता येईल. इम्तियाजनं काल ते केलंसुद्धा."

दुसऱ्या मात्रेला परवानगी मिळाली, आणि नव्या निकषानं नव्या प्रयोगालाही. बाहेर आल्यावर इम्तियाज फळ्याकडे धावला आणि नावं लिहीत सुटला. पाथरवट. लोहार. ढोल-ताशावाले. छापखाने. रस्ते फोडणारे. "मॅडम, प्रत्येकाचं दार वेगळं! प्रत्येकाची किल्ली वेगळी! या लोकांना आपण बहिरे म्हणत होतो, आणि ते नुसते आपल्या ठोक्याची वाट बघत होते!" त्याचा खडू मोडला. त्यानं दुसरा घेतला.

हेमांगी आपल्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि दादाचा नंबर लावला. सतरा वर्षांत तिनं दादाला काही महत्त्वाचं सांगायला फोन केला नव्हता. निरोप वहिनींकडे जायचे.

पलीकडे ठोके ऐकू आले, मग थांबले. "हो हो, बरं बरं," दादा सवयीनं म्हणाला.

तिनं पेन वाजवलं. टक् टक्. "दादा, मात्रा मिळाली."

मग दादा ओरडला, "निर्मले! अगं, फोनमधून हेमी बोलतेय! कळतंय मला!" वहिनींचं काहीतरी भांडं खाली पडल्याचा आवाज आला. दादा हसत होता, त्याचा श्वास लागला होता. "बोल, आणखी बोल. काहीही बोल."

टक् टक्. "दादा, एक विचारू?"

"विचार."

टक् टक्. "आई दवाखान्यात होती. मी फोन केला होता." टक् टक्. "तुला ऐकू आलं होतं का?"

पलीकडे ऐरणीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

"नव्हतं गं," दादा म्हणाला. "तुझा आवाज येत होता. एवढ्या लांबून तू फोन केलास, आणि मला एक शब्द कळेना. तसं सांगायची लाज वाटली. नंतर तू काही विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही. काय विचारलं होतंस तेव्हा?"

हेमांगीनं डोळे पुसले. पेन घट्ट धरलं.

टक् टक्. "मी निघू का, असं विचारलं होतं."

पलीकडे हातोडा तांब्यावर पडला. दोन ठोके, स्वच्छ, आळीच्या चालीतले. आणि त्यांच्यामागून, मोजून त्या सव्वा सेकंदात, दादाचा आवाज आला.

"निघ, हेमे. वाट बघतोय."

तिनं फोन ठेवला, पेन पर्समध्ये टाकलं आणि ती निघाली.